दूधसंस्थेचा हिशोब करताना शिकलेली डिक्शनरी

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतली डिक्शनरी, म्हणजे किल्ली आणि तिची व्हॅल्यू यांच्या जोड्यांचा संग्रह, लिहायला शिकणं अवघड नाही. महिरपी कंस उघडायचा, डावीकडे किल्ली, मग अपूर्णविराम, उजवीकडे त्या किल्लीची व्हॅल्यू, दोन जोड्यांच्या मध्ये स्वल्पविराम आणि शेवटी कंस बंद. एवढं एका बैठकीत जमतं. पण किल्ली म्हणून नेमकं काय ठेवायचं, हे ठरवायला मला त्याहून कितीतरी जास्त काळ लागला. नवशिक्यांसाठीच्या धड्यांमध्ये या भागावर फारसं कुणी थांबत नाही. फळांची नावं आणि त्यांचे भाव अशी एक डिक्शनरी दाखवतात आणि पुढे जातात. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे.

मी संगमनेर तालुक्यातल्या एका गावच्या दूधसंस्थेत लिपिक आहे. सकाळ-संध्याकाळ संकलन होतं. सभासद किटली घेऊन येतो, काट्यावर लिटर दिसतात, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) येतात, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते आणि चिठ्ठी छापून हातात पडते. दर दहा दिवसांनी बिल. हे सगळं संकलनाच्या यंत्रणेतून आपोआप होतं, त्यात मला काही करायचं नव्हतं. माझी अडचण बिलानंतरची. सभासद दहा दिवसांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन येतो आणि म्हणतो, "ताई, एका वेळेचं दूध धरलेलंच नाही." मग रजिस्टर उघडून कॅल्क्युलेटरवर ओळीमागून ओळ बेरीज करत बसायचं. मागे चार जण उभे असतात आणि ज्याचे पैसे आहेत त्याला उत्तर लगेच हवं असतं, ते योग्यच आहे.

यंत्रणेतून रोजची एक साधी मजकुराची फाइल काढता येते. एका ओळीत एक नोंद: तारीख, वेळ, सभासद क्रमांक, नाव, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम. त्या फाइली वाचून स्वतः बेरीज करायची आणि बिलाशी ताडून बघायची, एवढ्यासाठी मी पायथॉन शिकायला घेतलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी आवाजातले धडे ऐकले, आयडल या पायथॉनसोबत येणाऱ्या खिडकीत टाइप करून बघितलं, लिस्टपर्यंत, म्हणजे ओळीनं मांडलेल्या यादीपर्यंत, पोचले. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा भाचा दिवाळीला आला होता. मी क्रमांकांची एक लिस्ट आणि लिटरची दुसरी लिस्ट अशा दोन समांतर लिस्ट ठेवून काम चालवत होते, ते त्यानं पाहिलं. एक लिस्ट चढत्या क्रमानं लावली की दुसरीशी तिचं नातं तुटतं, हे माझ्याही लक्षात आलं होतं. तो म्हणाला, "मावशी, या दोन लिस्ट एकमेकींना बांधून ठेवायच्या आहेत ना तुला? मग डिक्शनरी घे."

पुढे जाण्याआधी एक सांगते. या लेखात आकडे मी देवनागरीत लिहिते आहे, कारण वाचायला सोपं पडतं. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिताना संख्या इंग्रजी आकड्यांतच टाइप करावी लागते. नावं मात्र मराठीत चालतात. म्हणजे "सभासद" किंवा "दर" असं नाव व्हेरिएबलला देता येतं, तिसऱ्या आवृत्तीपासून पायथॉन ते बिनतक्रार घेतं. मी बहुतेक नावं मराठीतच ठेवली आणि त्याचा मला फायदा झाला. आपण रोज ज्या शब्दांत काम करतो, त्याच शब्दांत प्रोग्रॅम वाचता येतो.

पहिल्यांदा किल्ली म्हणून मी सभासदाचं नाव घेऊन पाहिलं, कारण सभासद खिडकीशी येऊन नावच सांगतो. फाइलमधली प्रत्येक ओळ वाचायची, नाव किल्ली, त्याचे लिटर व्हॅल्यूत मिळवत जायचे. बेरीज छान आली. एकूण लिटरही रजिस्टरशी जुळले. पण सभासदांची संख्या कमी भरली. आमच्याकडे एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन सभासद आहेत, एक मळ्यात राहतो, एक गावठाणात. डिक्शनरीत एक किल्ली एकदाच असते. दुसऱ्याचं दूध पहिल्याच्या खात्यात मिळत गेलं. पायथॉननं कसलीही सूचना दिली नाही, आणि देण्याचं कारणही नाही. त्याच्या दृष्टीनं तो एकच माणूस आहे.

बेरीज करण्याऐवजी नुसती नोंद करत असते, तर दुसऱ्यानं पहिल्याला पुसून टाकलं असतं. कंसातच दोनदा तीच किल्ली लिहिली तरी पायथॉन तक्रार करत नाही, शेवटची व्हॅल्यू ठेवतं आणि आधीची सोडून देतं. हा डिक्शनरीचा स्वभाव पहिल्या दिवशी कळायला हवा असं मला वाटतं, कारण लिस्टमध्ये असं होत नाही. लिस्टमध्ये दोन सारख्या गोष्टी शेजारी शेजारी सुखानं राहतात.

मग सभासद क्रमांक. तो संस्थेनं यासाठीच दिलेला असतो. पण इथेही एक वळण आहे. फाइलमधून वाचलेली प्रत्येक गोष्ट मजकूर असते. १७ ही संख्या आणि अवतरणचिन्हांतला "१७" हा मजकूर पायथॉनला दोन वेगळ्या किल्ल्या वाटतात. मी हातानं लिहिलेली नावांची डिक्शनरी संख्यांवर होती आणि फाइलमधून आलेले क्रमांक मजकूर होते, त्यामुळे एकही सभासद सापडेना. फाइल वाचल्या वाचल्या क्रमांकाचं इंट, म्हणजे पूर्णांक, करून घेणं हा त्यावरचा उपाय. त्यातून एक आनंदाची गोष्ट कळली. देवनागरी आकड्यांत लिहिलेला "१७" हा मजकूरसुद्धा इंट या फंक्शनला समजतो, त्यातून तीच संख्या मिळते. जुन्या काही याद्या देवनागरी आकड्यांत टाइप केलेल्या होत्या, त्या जशाच्या तशा कामी आल्या.

किल्ली नसेल तर काय, हा पुढचा प्रश्न. चौकटी कंसात नसलेली किल्ली विचारली की पायथॉन कीएरर, म्हणजे किल्ली न सापडल्याची चूक, देऊन थांबतं. डिक्शनरीला गेट वापरून विचारलं तर थांबत नाही, नन (म्हणजे "काही नाही") देतं किंवा आपण सांगू ती व्हॅल्यू देतं. बहुतेक ठिकाणी नवशिक्याला सांगतात की गेट वापरा म्हणजे प्रोग्रॅम मध्येच बंद पडणार नाही. मला हे पटत नाही. बेरजेची सुरुवात करताना "या सभासदाचे आतापर्यंतचे लिटर, आणि नसतील तर शून्य" असं म्हणायला गेट उत्तम आहे, कारण तिथे नसणं स्वाभाविक आहे. पण दरपत्रकात दर सापडला नाही आणि गेटनं गुपचूप शून्य दिलं, तर त्या माणसाच्या त्या वेळेच्या दुधाची रक्कम शून्य होते आणि बेरीज वरून ठीक दिसते. तिथे प्रोग्रॅम थांबलाच पाहिजे. कुठली किल्ली असायलाच हवी आणि कुठली नसली तरी चालेल, हा निर्णय प्रत्येक ठिकाणी वेगळा घ्यावा लागतो. तो घेतला की चौकटी कंस की गेट, हे आपोआप ठरतं.

पायथॉनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधली डिफॉल्टडिक्ट ही वेगळ्या प्रकारची डिक्शनरी भाच्यानं नंतर दाखवली. तिला एकदा सांगितलं की नवी किल्ली आली तर शून्यापासून सुरू कर, मग गेट लिहावं लागत नाही. सोयीची आहे. फक्त तिच्यात चौकटी कंसानं नुसतं विचारलं तरी ती किल्ली तयार होते. "४०९ क्रमांकाचं दूध किती?" असं सहज विचारलं आणि नंतर सभासद मोजले, तर ४०९ हाही शून्य लिटरचा सभासद म्हणून यादीत बसलेला असतो. विचारायचं असेल तेव्हा आधी इन वापरून किल्ली आहे का ते बघावं, त्यानं काही तयार होत नाही.

क्रमांकावर एकूण बेरीज झाली, पण तक्रार एकूण बेरजेची नसते. "बारा तारखेच्या संध्याकाळचं दूध" असा नेमका प्रश्न असतो. म्हणजे किल्लीत क्रमांक, तारीख आणि वेळ तिन्ही हवेत. मी चौकटी कंसात लिस्ट करून ती किल्ली म्हणून दिली, तर पायथॉननं सांगितलं की लिस्ट ही हॅश करता येण्याजोगी नाही. गोल कंसात तेच लिहिलं, म्हणजे टपल केलं, की चाललं. असं का, हे समजून घेतल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं.

आमच्या कार्यालयात सभासदांची पासबुकं दहा कप्प्यांच्या रॅकमध्ये असतात. क्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे कप्पा. १३७ मागितलं की सातव्या कप्प्यात हात घालायचा आणि तिथली मोजकी पुस्तकं चाळायची, सगळा रॅक बघायचा नाही. डिक्शनरी आतून साधारण असंच करते. किल्लीवरून हॅश नावाची एक संख्या काढते आणि त्या संख्येवरून कप्पा ठरवते. ही कल्पना जवळजवळ संगणकाइतकीच जुनी म्हणावी लागेल, आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये ती एका अंतर्गत टिपणात मांडली होती. नेहमीच्या पायथॉनमध्ये लहान डिक्शनरी आठ कप्प्यांनी सुरू होते आणि साधारण दोन तृतीयांश भरली की मोठा तक्ता घेऊन सगळ्या किल्ल्यांची नव्यानं मांडणी होते. लहान पूर्णांकाचा हॅश तोच पूर्णांक असतो, त्यामुळे आठ कप्प्यांत १७ आणि २५ या दोन्ही क्रमांकांना पहिल्या प्रयत्नात एकच कप्पा मिळतो, कारण दोघांना आठानं भागलं की एक उरतो. मग नंतर आलेल्याला दुसरा कप्पा शोधून दिला जातो. आणि शोधताना हॅश जुळला तरी किल्ली खरोखर तीच आहे का, हे बरोबरीनं तपासलं जातं.

हे कळलं आणि लिस्टचं कोडं सुटलं. लिस्टमध्ये नंतर बदल करता येतो. किल्ली कप्प्यात ठेवल्यावर तिच्यातला आकडाच बदलला, तर तिचा कप्पा वेगळा निघेल आणि ती कधीच सापडणार नाही. टपल बदलता येत नाही, म्हणून ते किल्ली होऊ शकतं, अर्थात त्याच्या आतल्या गोष्टीही न बदलणाऱ्या असतील तर. नावांचे हॅश बघताना आणखी एक दिसलं. एकाच नावाचा हॅश प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की वेगळा येतो, संख्यांचा मात्र तोच राहतो. हे मुद्दाम केलेलं आहे. एकाच कप्प्यात जातील अशा हजारो किल्ल्या मुद्दाम पाठवून सर्व्हर मंद करता येतो हे २०११ मध्ये उघड झालं, आणि २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून मजकुराच्या हॅशमध्ये दर वेळी वेगळा यादृच्छिक अंश मिसळला जाऊ लागला.

टपलची किल्ली घेऊन मी आबांकडे गेले. आबा म्हणजे आमचे सचिव, संस्थेचे नियम त्यांना तोंडपाठ.

"आबा, एका सभासदाची एका वेळेला एकच नोंद असते ना?"

"नाही ओ ताई. गाय आणि म्हैस दोन्ही असलं तर दोन नोंदी. आणि दुसरी किटली मागनं आली तर तिची चिठ्ठी वेगळी निघते."

त्यांच्या या दोन वाक्यांनी किल्ली बदलली. जनावर किल्लीत आलं: (तारीख, वेळ, क्रमांक, जनावर). दुसऱ्या किटलीसाठी मात्र मी किल्ली आणखी लांबवली नाही. व्हॅल्यू म्हणून एका संख्येऐवजी नोंदींची लिस्ट ठेवली. किल्ली म्हणजे आपण जो प्रश्न विचारतो तो, आणि कुणी "माझ्या दुसऱ्या किटलीचं काय" असं तोडून विचारत नाही. "त्या संध्याकाळचं गाईचं दूध" असं विचारतो, आणि उत्तरात मी दोन्ही चिठ्ठ्या दाखवू शकते.

आता दरपत्रक. माझ्या मते डिक्शनरी शिकण्यासाठी याहून चांगलं उदाहरण आपल्या गावात शोधून सापडणार नाही. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. त्याच्या वर-खाली गेलं की दर बदलतो. भिंतीवर जो तक्ता लावलेला असतो, त्यात एका बाजूला फॅट, एका बाजूला एसएनएफ आणि मध्ये दर. आमच्या तक्त्यात फॅट ३.० पासून ५.० पर्यंत आणि एसएनएफ ८.० पासून ९.० पर्यंत, ०.१ च्या टप्प्यानं. म्हणजे २१ गुणिले ११, एकूण २३१ घरं. हे जर-तर लिहून करायचं म्हटलं तर वेड लागेल. डिक्शनरीत तेच एका ओळीत मागता येतं: फॅट आणि एसएनएफचं टपल किल्ली, आणि दर व्हॅल्यू.

तक्ता भरण्यासाठी मी ३.० पासून सुरू करून दर वेळी ०.१ मिळवत जाणारा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, लिहिला. तीन-चार दुधांचे दर बरोबर आले आणि ३.३ फॅटला कीएरर. तक्त्यात ३.३ आहे हे मला दिसत होतं, पायथॉनला दिसत नव्हतं. सगळ्या किल्ल्या छापून बघितल्या तेव्हा ३.१, ३.२ नीट होते आणि त्यांच्या पुढे होतं ३.३००००००००००००००३. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो. त्या पद्धतीत ०.१ हा आकडा पूर्ण बसतच नाही, जसा आपल्या दशमान पद्धतीत एकाचा तिसरा भाग बसत नाही. अगदी बारीक फरक राहतो, आणि मिळवत गेलं की तो कुठल्यातरी टप्प्यावर वर दिसतो. बेरजेत त्यानं काही बिघडत नाही. पण किल्लीला "जवळपास" हा प्रकारच नाही. हॅश वेगळा, कप्पा वेगळा, बरोबरीही नाही. फाइलमधून आलेला ३.३ आणि लूपनं बनवलेला ३.३ या दोन वेगळ्या किल्ल्या झाल्या होत्या.

यावर मी फॅट आणि एसएनएफ दशांशात ठेवणंच सोडून दिलं. ३.५ ऐवजी ३५, ८.५ ऐवजी ८५. पूर्णांक पक्के असतात. आता दर मागायचा तो दर[(३५, ८५)] असा. रुपयेही पैशांत ठेवले, त्याच कारणासाठी. तरी मशीन कधी कधी एसएनएफ दोन दशांशांपर्यंत देतं, ८.४९ असं. त्याला ८.४ धरायचं की ८.५, हे पायथॉन ठरवू शकत नाही, तो संस्थेच्या ठरावाचा विषय आहे. आबांनी सांगितलं की आपल्याकडे दुसरा अंक सोडून देतात. म्हणून मी आकड्याचं गणित न करता फाइलमधल्या मजकुरातच टिंबानंतरचा एक अंक ठेवते, टिंब काढते आणि मग इंट करते. अपूर्णांक मध्ये येतच नाही.

इथेच एक गंमतीची गोष्ट नोंदवून ठेवते. १, १.० आणि ट्रू (म्हणजे "खरं") या तिन्ही पायथॉनच्या लेखी एकच किल्ली आहेत, कारण त्या एकमेकींच्या बरोबर मानल्या जातात आणि त्यांचा हॅशही सारखाच येतो. पहिल्या क्रमांकाच्या सभासदाच्या खात्यावर ट्रू लिहून लिटर मिळवून बघितले, मिळाले.

नावं किल्ली म्हणून सोडली होती, पण ती पूर्णपणे सुटणार नव्हती. संस्थेकडे जुन्या भागधारकांची एक यादी आहे, तिच्यात क्रमांक नाहीत, फक्त नावं. ती आजच्या सभासदांशी जुळवायची होती. काही नावं समोरासमोर असूनही जुळेनात. त्यातलं एक आडनाव कुऱ्हाडे. पडद्यावर दोन्हीकडे अक्षरशः सारखं. मी लेन वापरून लांबी विचारली. एकाची आठ आली, दुसऱ्याची नऊ.

मराठी वाचकांना हे खास माहीत असायला हवं, कारण ही अडचण आपल्याच भाषेत जास्त येते. ऱ्या, ऱ्ह लिहिताना जो डोळ्याच्या पापणीसारखा रफार येतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलंत आणि पुढे ह. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलंत, मग न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि पुढे ह. कुठला कीबोर्ड वापरला, जुन्या फॉन्टमधून कुठल्या साधनानं रूपांतर केलं, यावर कुठला प्रकार येईल ते ठरतं. तिसराही प्रकार आहे, र खाली नुक्ता (टिंब). डोळ्यांना एकच आडनाव दिसतं, डिक्शनरीला दोन किंवा तीन.

पायथॉनमध्ये युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल येतं, त्यातलं नॉर्मलाइझ हे फंक्शन अशी सारखी रूपं एकत्र आणतं असं वाचलं. ते वापरून पाहिलं. नुक्त्याचा र त्यानं नीट ऱ केला, कारण युनिकोडच्या नियमांत ती दोन रूपं समान मानलेली आहेत. जोडकाचं रूप मात्र तसंच राहिलं. ते त्या नियमांत बसत नाही. तसंच ॲ चं. हे एक अक्षर म्हणून २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं, त्याआधी आपण सगळे अ वर चंद्र देऊन काम भागवत होतो, आणि अजूनही अनेक कीबोर्ड तसंच टाइप करतात. ही दोन रूपंसुद्धा नॉर्मलाइझ जोडत नाही. म्हणून मी एक छोटी डिक्शनरी केली: डावीकडे जुनं रूप, उजवीकडे जे रूप ठेवायचं ते. कुठलंही नाव किल्ली होण्याआधी त्या डिक्शनरीतून जातं, मग नॉर्मलाइझमधून, मग दोन शब्दांमधल्या जास्तीच्या मोकळ्या जागा काढल्या जातात. त्यानंतर कुऱ्हाडे एक झाले. शब्दांची वारंवारता मोजणारे, विद्यार्थ्यांच्या याद्या जुळवणारे, निवडणुकीच्या याद्यांवर काम करणारे, जे कुणी मराठी मजकूर किल्ली म्हणून वापरतात त्यांनी हे आधी करून घ्यावं. "शेतकऱ्यांना" हा शब्द दोन ठिकाणी मोजला गेला आहे का, हे नुसतं बघून कळत नाही.

हिशोब रोज नव्यानं करायला नको म्हणून डिक्शनरी फाइलमध्ये साठवायची होती. भाच्यानं फोनवर जेसन ही मजकुराच्या फाइलीत माहिती साठवण्याची पद्धत सुचवली. पहिल्या फाइलमध्ये मराठी अक्षरांऐवजी उलट्या तिरप्या रेघा आणि संकेतांक दिसले. एन्शुअर-आस्की हा पर्याय फॉल्स केला की देवनागरी तशीच्या तशी उतरते, फाइल उघडताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत सांगायची तेवढी. पण खरा मुद्दा पुन्हा किल्लीचा निघाला. जेसनमध्ये किल्ली नेहमी मजकूरच असते. १७ ही संख्या साठवली, परत वाचली तर "१७" हा मजकूर हाती येतो, आणि सुरुवातीची ती न सापडण्याची अडचण परत दारात. टपलची किल्ली तर जेसन घेतच नाही, सरळ नाकारतं. मी किल्ल्यांसकट साठवणं सोडून दिलं. नोंदींची साधी यादी साठवते, तारीख, वेळ, क्रमांक सगळं प्रत्येक नोंदीत, आणि वाचताना तीवरून डिक्शनरी पुन्हा बांधते. काही क्षणांत बांधून होते. शिवाय एकाच यादीवरून दोन वेगळ्या डिक्शनरी करता येतात, एक सभासदाप्रमाणे, एक तारखेप्रमाणे, कारण सभासद वेगळा प्रश्न विचारतो आणि टँकर भरताना आबा वेगळा विचारतात.

डिक्शनरीचा वेग हे तिचं मुख्य कारण म्हणून सांगितलं जातं. आमच्या काहीशे सभासदांना वेगाचा काही फरक पडत नाही, लिस्टमध्ये शोधलं तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर येतं. मला ती उपयोगी पडली ती वेगळ्या कारणानं. ती मला आधी विचारायला लावते की इथे कोण कुणापासून वेगळा आहे आणि कशामुळे. ते प्रश्न मी आबांना विचारले म्हणून संस्थेचे असे काही नियम कळले, जे इतकी वर्षं रजिस्टर लिहूनही कुणी मला शब्दांत सांगितले नव्हते.

क्रमाबद्दलही एक सांगते. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की डिक्शनरीला क्रम नसतो. २०१६ च्या ३.६ आवृत्तीत आतली रचना बदलली आणि ज्या क्रमानं किल्ल्या घातल्या त्याच क्रमानं त्या बाहेर येऊ लागल्या. २०१८ च्या ३.७ पासून तो भाषेचा नियमच झाला. पण तो घालण्याचा क्रम आहे, चढता क्रम नाही. ज्या क्रमानं सभासद सकाळी काट्यावर आले त्या क्रमानं यादी छापली जाते, क्रमांकानं हवी तर सॉर्टेड करावं लागतं.

एक ठिकाण असं आलं की तिथे डिक्शनरी एकटी पुरली नाही. दहा दिवसांच्या मध्येच दर बदलतो. समजा एक दरपत्रक १ तारखेपासून आणि दुसरं ६ तारखेपासून लागू झालं. लागू होण्याची तारीख किल्ली आणि अख्खं दरपत्रक व्हॅल्यू, अशी डिक्शनरीत डिक्शनरी केली. पण ८ तारखेच्या दुधाचा दर विचारला तर ८ ही किल्लीच नाही. डिक्शनरी नेमकी तीच किल्ली शोधते, "तिच्या अलीकडची सर्वांत जवळची" हे तिला विचारता येत नाही. त्यासाठी लागू होण्याच्या तारखांची एक चढती लिस्ट वेगळी ठेवावी लागली आणि बायसेक्ट मॉड्यूल वापरावं लागलं. ते सांगतं की ८ तारीख त्या लिस्टमध्ये कुठे बसेल. तिच्या लगेच आधीची तारीख घ्यायची, आणि ती डिक्शनरीची किल्ली. तारखा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा लिहिल्या तरच मजकूर म्हणून त्यांचा क्रम नीट लागतो. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर १० फेब्रुवारी २० जानेवारीच्या आधी जाऊन बसतो. मी पायथॉनचा डेट प्रकार वापरते, तो किल्लीही होतो आणि त्याची तुलनाही बरोबर होते.

आता म्हशीच्या दुधाचं दरपत्रक याच पद्धतीनं घालायचं काम चालू आहे. तिथे मूळ दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला असतो, तक्ता मोठा आहे. दराच्या किल्लीत जनावरही घ्यायचं की दोन स्वतंत्र डिक्शनरी ठेवायच्या, हे अजून ठरलेलं नाही. माझा कल दोन ठेवण्याकडे आहे, कारण दर बदलताना गाईचा आणि म्हशीचा एकाच तारखेला बदलेलच असं नसतं.